कर्जाच्या नोंदीला किमान मुदत आहे, कमाल का नाही?

सिबिल हा शब्द आता झोपडपट्टीपासून शेतवस्तीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाला आहे. बँकेत कर्ज मागायला गेलेला आपला तरुण हात हलवत परत येतो आणि सांगतो, 'सिबिल खराब निघालं.' म्हणजे नेमके काय निघाले, कोणत्या कर्जाचे निघाले, किती वर्षांपूर्वीचे निघाले, हे त्याला बँकेतला साहेब सांगत नाही आणि तोही विचारत नाही. सावकाराच्या वहीत आपल्या नावावर काय मांडले आहे हे आमच्या आज्या-पणज्यांना वाचता येत नव्हते. बाबासाहेबांमुळे आम्ही वाचायला शिकलो, तर वहीच डोळ्याआड झाली. आरक्षण, ॲट्रॉसिटी, शिष्यवृत्ती या प्रश्नांवर आपण रस्त्यावर उतरतो. पतनोंदीचा प्रश्न मात्र आपल्याला बँकवाल्यांचा वाटतो. तो तसा नाही, हे आज आम्हाला सांगायचे आहे.

सिबिल ही सरकारी कचेरी आहे असा पुष्कळांचा समज आहे. ती कंपनी आहे. २००० साली ती स्थापन झाली, खाऊजा धोरण ऐन भरात होते तेव्हा. आज तिची बहुतांश मालकी ट्रान्सयुनियन या अमेरिकी कंपनीकडे आहे. तिच्या जोडीला इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या आहेत. २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांचा कायदा केला, डिसेंबर २००६ मध्ये तो लागू झाला आणि बँका, फायनान्स कंपन्या, मायक्रोफायनान्सवाले या सगळ्यांना कर्जदारांची माहिती या कंपन्यांना देणे बंधनकारक झाले. २०१५ पासून प्रत्येक कर्ज देणाऱ्या संस्थेला चारही कंपन्यांचे सभासद व्हावे लागते. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान पंधरवड्यातून एकदा पाठवावी लागते. म्हणजे तुमचा हप्ता चुकला की ती बातमी काही दिवसांत चार ठिकाणी जाते. गावात जेवढ्या वेगाने बदनामी पसरते, त्याहून ही लवकर पसरते.

आता मूळ प्रश्न. बुडालेल्या किंवा थकलेल्या कर्जाची नोंद किती वर्षे राहते? कोणालाही विचारा, उत्तर येते, 'सात वर्षे. सात वर्षांनी आपोआप जाते.' कर्जवसुलीचे एजंट हेच सांगतात, पैसे घेऊन 'सिबिल साफ करून देतो' म्हणणारे दलालही हेच सांगतात. या सात वर्षांच्या भरवशावर आपले अनेक लोक गप्प बसून आहेत. पण कायद्याखालील २००६ च्या विनियमांत काय म्हटले आहे? पतमाहिती 'किमान' सात वर्षे जपून ठेवावी, असे म्हटले आहे. किमान! सात वर्षांच्या आत पुसू नका, एवढेच बंधन आहे. सात वर्षांनी पुसलीच पाहिजे, असे बंधन नाही. तळ आहे, छत नाही.

ज्या अमेरिकेतून हा धंदा आपल्याकडे आला, तिथे १९७० च्या कायद्याने नेमके उलटे ठरवले आहे. तिथे थकबाकीची वाईट नोंद साधारण सात वर्षांच्या पुढे अहवालात दाखवता येत नाही, दिवाळखोरीची दहा वर्षांच्या पुढे दाखवता येत नाही. ही मुदत कर्ज पहिल्यांदा थकले त्या काळापासून मोजतात. कर्ज मध्येच दुसऱ्या वसुली कंपनीला विकले म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. इंग्लंडात ही मुदत सहा वर्षांची आहे. तिथले सावकार काही दयाळू बुद्धाचे उपासक नाहीत. तिथल्या काळ्या जनतेलाही घरकर्जाच्या नकाशावर लाल रेघा मारून वर्षानुवर्षे बाहेर ठेवले गेले, त्याविरुद्ध ते लढले, आणि १९६८ च्या व १९७६ च्या कायद्यांनी कर्ज देताना वंशाचा भेद करण्यास बंदी आली. पण निदान तिथे एवढे मान्य झाले की माणसाच्या चुकीला, किंवा त्याच्या अडचणीला, शेवटची तारीख असली पाहिजे. दवाखान्याची पाचशे डॉलरच्या आतील थकबाकी तर तिथल्या तीन मोठ्या कंपन्यांनी २०२३ पासून अहवालातून काढूनच टाकली. आपल्याकडे यंत्रणा आणली, संगणक आणला, तीनशे ते नऊशेचे गुण आणले, फक्त शेवटची तारीख तेवढी आणायची राहिली. ती विसरली की मुद्दाम मागे ठेवली, हे वाचकांनीच ठरवावे.

यातली आणखी एक गोम समजून घ्या. आपल्याकडे खाते उघडे आणि थकीत असेपर्यंत बँक दर वेळी 'थकीत' म्हणूनच माहिती पाठवत राहते. मग सात वर्षे तरी कोठून मोजणार? हप्ता चुकला त्या दिवसापासून, की बँकेने शेवटची माहिती पाठवली त्या दिवसापासून? सामान्य माणसाला याचे सरळ उत्तर मिळत नाही. अहवालात महिन्यावार किती दिवस उशीर झाला त्याचा तक्ता साधारण छत्तीस महिन्यांचा असतो, त्यामुळे तीन वर्षे नियमित हप्ते भरले की तो तक्ता स्वच्छ दिसू लागतो. पण खात्यापुढचा 'राइट ऑफ' किंवा 'सेटल्ड' हा शिक्का तसा जात नाही. आणि पुढच्या बँकेतला अधिकारी तक्ता नंतर पाहतो, शिक्का आधी.

इथे दुसरा एक कायदा आठवतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे तारण नसलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी देणे झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो. कर्जदाराने मुदतीच्या आत लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली, तर ही तीन वर्षे नव्याने सुरू होतात. (म्हणूनच वसुलीवाला 'साहेब, पाचशे तरी भरा' म्हणून मागे लागतो. पाचशे रुपये त्याला नको असतात, तारीख हवी असते.) सांगायचे ते हे, की ज्या पैशासाठी बँक तीन वर्षांनंतर न्यायालयाचे दारही ठोठावू शकत नाही, त्याच पैशासाठी ती किमान सात वर्षे आणि त्यापुढेही माणसाला प्रत्येक बँकेच्या दारातून परत पाठवू शकते. न्यायालयात पुरावा लागतो, उलटतपासणी होते. इथे बँकच फिर्यादी आणि बँकच साक्षीदार, निकाल मात्र संगणकावर.

कोणी म्हणेल, घेतलेले कर्ज फेडायला नको काय? फेडायलाच हवे. बुडवेगिरीचे समर्थन आम्ही करत नाही आणि आपल्या वस्तीत लग्नाच्या मंडपासाठी आणि डीजेसाठी उचललेली कर्जे पाहिली की आम्हालाही राग येतो. पण आपल्या समाजाचे कर्ज मुख्यतः थकते कशाने? बापाच्या दवाखान्याने, कंत्राटी नोकरी सुटल्याने, टाळेबंदीत रिक्षा उभी राहिल्याने. ज्याच्या घरात तीन पिढ्यांची शिल्लक आहे त्याचा हप्ता आजारपणात चुकत नाही, कारण काका आहे, मामा आहे, गावाकडे जमीन आहे. ज्याची पहिलीच पिढी पगार पाहते आहे त्याचा तिसऱ्या महिन्यात चुकतो. सिबिलच्या अहवालात जातीचा रकाना नाही, हे आम्ही मान्य करतो. मनुस्मृतीत तो होता. तिथे व्याजाचा दरमहा शेकडा दर ब्राह्मणाला दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार आणि शूद्राला पाच असा उघड लिहून ठेवलेला होता आणि अस्पृश्याचा तर विचारही नव्हता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले त्यात हे व्याजाचे कोष्टकही जळाले. आज कोष्टक लिहावे लागत नाही. ज्याला बँक दारातून परत पाठवते तो फायनान्स कंपनीकडे जातो, तिथून परतला की खासगी सावकाराकडे जातो, आणि प्रत्येक पायरीला व्याज चढत जाते. त्या शेवटच्या पायरीवर आजही कोण उभा असतो, हे कोणत्याही वस्तीत जाऊन पाहावे.

जामीनदारांचा प्रश्न तर आपल्याच घरातला आहे. आपल्याकडे खानदानात नोकरीवाला एक आणि जामीन मागणारे दहा. भाच्याच्या रिक्षाला, मेहुण्याच्या टेम्पोला, शेजाऱ्याच्या दुकानाला सही करणारा तोच. नाही म्हटले तर 'साहेब झाला, समाजाला विसरला' हे ऐकायचे. मूळ कर्जदाराने हप्ते थकवले की ती थकबाकी जामीनदाराच्या अहवालातही दिसू लागते. आमच्या परिचयातील एका नगरपालिकेच्या सफाई कामगाराने भाच्याच्या रिक्षाच्या कर्जाला जामीन दिला होता. भाच्याने पुढे बँकेशी तडजोड केली, ठरलेली रक्कम भरली, पावती घेतली आणि प्रकरण मिटले असे सगळ्यांनी धरले. काही वर्षांनी या गृहस्थाची मुलगी नर्सिंगला लागली. शैक्षणिक कर्जाला बाप सहकर्जदार लागतो. बँकेने अर्ज परत केला. ज्या कर्जाचा एक रुपया त्यांनी हातात घेतला नव्हता, त्या कर्जाचा 'सेटल्ड' शिक्का त्यांच्या नावावर बसलेला होता. मुलीची पहिल्या वर्षाची फी अखेर पाच टक्के महिन्याने उभी राहिली. हिशेब करा, वर्षाला साठ टक्के!

शिक्षणाबाबत केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असा निर्वाळा दिला की, विद्यार्थ्याचे सिबिल कमी आहे एवढ्याच कारणावरून त्याचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारता येणार नाही. या निकालाची प्रत आपल्या विद्यार्थी संघटनांनी जवळ ठेवावी. तो केरळचा निकाल म्हणून इथला शाखाधिकारी हात झटकेल, तरी अर्जासोबत जोडावी. पण नोकरीच्या बाबतीत वारे उलटे वाहत आहे. बँकभरतीच्या जाहिरातींत आता स्वच्छ पतइतिहासाची अट असते. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे एका उमेदवाराचे प्रकरण आले होते. स्टेट बँकेत अधिकारी म्हणून त्याची निवड झाली, मग पतअहवालातील जुन्या थकबाकीवरून नेमणूक रद्द झाली. मी सगळी कर्जे फेडली आहेत, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. जो लोकांचा पैसा सांभाळणार त्याचा स्वतःचा व्यवहार चोख हवा, हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. पण आम्ही विचारतो, फेडलेले कर्जही जर माणसाला नोकरीतून उठवणार असेल, तर फेडण्याचा उपयोग काय? आणि राखीव जागेवर परीक्षा पास होऊन आलेल्या पोराने कॉलेजात असताना मोबाईलच्या हप्त्यात चूक केली असेल, तर ही अट कोणाला गाळण्यासाठी कामी येईल? आरक्षणाला हात न लावता आरक्षण पातळ करण्याच्या अनेक युक्त्या आपण पाहिल्या. त्यांत ही एक भर.

आता वरच्या मजल्यावर पाहा. मार्च २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की, दहा आर्थिक वर्षांत बँकांनी १६.३५ लाख कोटी रुपयांची बुडीत कर्जे राइट ऑफ केली. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम मोठे उद्योग आणि सेवा क्षेत्राची होती. राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असे सरकार म्हणते आणि कागदावर ते खरेही आहे. पण दिवाळखोरीच्या २०१६ च्या कायद्याखाली कंपनीचे काय होते? योजना मंजूर झाली की योजनेत नसलेली जुनी देणी संपली, नव्या मालकाला कोरी पाटी, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले. कंपनीला कोरी पाटी मिळते. रिक्षावाल्याला मिळत नाही.

आणि गंमत अशी, की त्याच २०१६ च्या कायद्यात गरिबांसाठीही एक प्रकरण आहे. 'फ्रेश स्टार्ट', म्हणजे नवी सुरुवात, असे त्याचे नाव. ज्याचे वर्षाचे उत्पन्न साठ हजारांच्या आत आहे, मालमत्ता वीस हजारांच्या आत आहे, पात्र कर्ज पस्तीस हजारांच्या आत आहे आणि ज्याला स्वतःचे घर नाही, अशा माणसाने अर्ज करावा आणि प्रक्रियेनंतर त्याची पात्र कर्जे संपावीत, अशी ती तरतूद आहे. वाचून वाटते, हे आपल्याच माणसांसाठी लिहिले. पण व्यक्तींच्या दिवाळखोरीचा हा भाग सरकारने १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या बड्या लोकांपुरता. नवी सुरुवात कागदावरच राहिली. कायदा संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, पुस्तकात छापला गेला, आणि कंपन्यांचा भाग चालू झाला तरी गरिबांचा भाग बंदच ठेवला. यावर आपल्या किती खासदारांनी तोंड उघडले?

कर्ज हीच गुलामीची साखळी असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. सालदारी कशी चाले? बापाने लग्नाला उचल घेतली, पोराने जन्मभर ढोरे वळली. बाबासाहेबांच्या घटनेने तेविसाव्या कलमात वेठबिगारीला बंदी घातली, आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगाराचे कर्जच संपुष्टात आणले. साखळी तोडायची तर कर्जाची नोंद पुसावी लागते, हे त्या कायद्याने ओळखले होते. त्याआधी १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हा इंग्रज सरकारलाही १८७९ चा कायदा करून सावकाराच्या कागदामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना द्यावा लागला होता. आजही सरकार पीककर्जाला सिबिल लावू नका म्हणून बँकांना दम देते. २०२५ मध्येही मुख्यमंत्र्यांनी दिला. चांगली गोष्ट आहे. पण पीककर्जाला सातबारा लागतो. ज्याच्या बापाला सातबाराच नव्हता, त्या भूमिहीनाच्या शिलाई मशीनच्या, हातगाडीच्या, बचत गटाच्या कर्जासाठी असा दम कोणी दिल्याचे आम्ही ऐकले नाही.

तोवर जे हातात आहे ते तरी करावे. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. २०१७ पासूनचा हा हक्क आहे, त्यासाठी दलालाला एक रुपया देऊ नका. अहवाल घेतला की आपली न घेतलेली कर्जे त्यात आहेत का ते आधी पाहा. आपल्या पॅन क्रमांकावर भलत्यानेच कर्ज उचलल्याची प्रकरणे वस्त्यांत कमी नाहीत. चूक असेल तर कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. तडजोड करताना 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' यांतला फरक आधी लेखी समजून घ्या. शक्य असेल तर थोडे थांबून पूर्ण भरा आणि ना-देय दाखला घेऊनच बँकेतून उठा. पूर्वी कधी कर्जच घेतले नाही म्हणून अर्ज नाकारला, तर जानेवारी २०२५ मधील रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचा हवाला द्या. केवळ पतइतिहास नाही या कारणावरून नवख्या कर्जदाराला नाकारू नये असे त्यात आहे. आणि नकाराचे कारण लेखी मागा. तोंडी नकारावर शाखेतून बाहेर पडू नका. बँक कर्मचाऱ्यांच्या आपल्या संघटना आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार वस्तीतल्या विहारात टेबल टाकून बसावे आणि लोकांना त्यांचे अहवाल वाचून दाखवावेत. परिसंवाद घेण्यापेक्षा हे काम जास्त लोकांना उपयोगी पडेल.

सरकारकडे मागणी करायची ती नेमकी करावी. विनियमांतला 'किमान' हा शब्द काढून तिथे 'कमाल' घालावा आणि मुदत पहिल्या थकबाकीच्या तारखेपासून मोजावी. सात वर्षेसुद्धा पन्नास हजारांच्या आतील कर्जाला फार होतात, तिथे मुदतीच्या कायद्यातली तीन वर्षे पुरेत. फेडलेल्या कर्जाचा शिक्का जामीनदाराच्या नावावरून त्याच दिवशी उतरावा. नोकरीच्या नेमणुकीत फेडलेल्या कर्जाची नोंद पाहण्यास मनाई असावी. आणि राखीव मतदारसंघांतून निवडून गेलेल्या आपल्या खासदारांपैकी एकाने तरी येत्या अधिवेशनात एक साधा प्रश्न टाकावा: २०१६ च्या कायद्यातले नव्या सुरुवातीचे प्रकरण सरकार कोणत्या तारखेपासून लागू करणार? उत्तर मिळेल त्या दिवशी ते आम्ही याच स्तंभात छापू. प्रश्नच विचारला गेला नाही, तर तेही छापू, नावांसह.